अडईचा उपयोग

नाव लिहायला आदिनाथला अर्धं मिनिट लागलं. तपकिरी, कोंबडीहून लहान रानबदक, उडताना शिट्टी मारणारं. झरीच्या पलीकडच्या त्या गावात म्हाताऱ्यांपासून शाळकऱ्यांपर्यंत सगळे त्याला अडई म्हणत. नावाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'अडई'. गाडी रुतली ती पुढच्या रकान्यात. 'उपयोग'.

गावातल्या झाडापाखरांची नोंदवही भरायचं काम एका संस्थेनं त्याला तीन महिन्यांसाठी दिलं होतं. 'उपयोग' शब्दाच्या डोक्यावर लाल चांदणी होती. रकाना रिकामा सोडला की संगणक हटून बसायचा. कावळ्यापुढं आदिनाथनं 'पिंडाला शिवणे' लिहिलं होतं, घुबडापुढं 'लेकरं भिववणे', शेणकिड्यापुढं 'फक्त स्वतःपुरता'. अडईपाशी मात्र त्याची अक्कल संपली.

तळ्याकाठी चाळीस वर्षं मेंढरं चारणाऱ्या मुंजाजीला त्यानं गाठलं.

"आबा, अडईचा उपयोग काय वो?"

"तुजा काय हाय?" मुंजाजीनं विचारलं. टोमणा नव्हता, म्हातारा उत्तराची वाट बघत थांबला होता. आदिनाथ तिथून निघाला.

पंचायतीच्या कचेरीत संगणकावर राजेश्री बसायची. "पाच वाजता मी जानार," ती म्हणाली. "काय बी टाक."

समोरच्या बाकड्यावर त्याची चुलती सगुणाबाई कसल्याशा अंगठ्यासाठी बसली होती. दोन्ही गुडघे दाबत आई गं, आई गं करत होती. आदिनाथनं टाकलं, 'गुडघेदुखीवर गुणकारी'. संगणक खुशीनं पुढं सरकला.

वही ग्रामसभेत वाचून मंजूर करायची असते. एकशे बारा नोंदी होईस्तोवर गाव डुलक्या घेत होतं. एकशे तेरावी अडईची. 'गुडघेदुखी' एवढा शब्द कानावर पडला आणि अख्ख्या गावाचे गुडघे एकदम जागे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर तीन जाळी लागली. दुपारी पाथरीहून एक जीप आली, आत कुणाचे तरी सासरे पाय लांब करून बसलेले. चुडाव्याचा एक गडी तर रेल्वेनं परभणी, तिथून एसटी, असा रिकामा पिंजरा घेऊन पोचला. तळ्यावर अडया होत्या अकरा. आदिनाथनंच मोजून लिहिल्या होत्या. दिवस कलला तेव्हा राहिल्या नऊ.

त्याला भाकर जाईना. घास उचलला की वाटायचं, आता आठ झाल्या असतील. ताट तसंच ठेवून तो तळ्यावर जायचा, नऊ मोजायचा, घरी यायचा. पाय धुतले की पुन्हा वाटायचं, आता झाल्या असतील. बायकोनं तांब्या लपवून ठेवला.

"आरं, मी थाप मारली!" तळ्यावर जाळं सोडवणाऱ्या बजरंगला तो म्हणाला.

"शिक्का हाय की त्याच्यावर."

"पाखरू धरनं गुन्हा हाय, बजरंग."

"मग सरकारनं उपयोग काऊन लिवला?"

"सरकारनं न्हाई, मी लिवला!"

"तू?" बजरंगला दया आली. "लेका, तुजा दहावीचा अर्ज मी भरून दिल्ता."

आदिनाथ पळत कचेरीत गेला. "ताई, ती नोंद खोडा."

"खोडायचं बटन न्हाई," राजेश्री म्हणाली. "भर घालायचं हाय. 'आणखी उपयोग'."

आदिनाथनं खोलीत तीन येरझारा घातल्या आणि थांबला. "घ्या लिहून. मोठी मानसं अंथरुनात मुततात, त्याच्यावर रामबाण."

राजेश्रीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बायांचं का बाप्यांचं?"

"दोघांचं."

"वय?"

"अठराच्या फुडं."

तिनं छापलं, शिक्का मारला, फळ्यावर डकवलं.

सकाळी तळ्याची वाट धरणाऱ्याला पारावरची मंडळी काळजीनं विचारू लागली, "रोजचं हाय का अधूनमधून?" बजरंगनं जाळं गुंडाळलं, मासे धरायला आणलं होतं म्हणे. पाथरीची जीप पुन्हा आली, फळ्यापाशी क्षणभर थांबली आणि इंजिन बंद न करताच वळली. दुपारपर्यंत तळ्यावर चिटपाखरू नव्हतं, नऊ सोडून. आदिनाथनं दोन भाकरी खाल्ल्या.

तरी चैन पडेना. हात धुऊन तो पुन्हा मोजायला गेला. आठ.

काठावर पोतं अंथरून सगुणाबाई बसली होती. शेजारी जाळं, आणि उपडं घातलेलं डालगं. डालग्यातनं बारीक शिट्टी आली.

"काकू! फळा वाचला न्हाई का तुमी?"

"राजेश्रीनं वाचून दाखवला."

"मग लोकं काय म्हनतील?"

"मुतती म्हनतील. म्हनू दे. चालत तर जाईन." घरापासून तळ्यापर्यंत येताना ती पाच ठिकाणी बसली होती.

आदिनाथ तिच्यापुढं उकिडवा बसला. "काकू, ते गुडघ्याचं बी खोटं हाय. काय लिवावं सुचंना. तुमी समोर गुडघे दाबायल्या व्हत्या, तेच लिवलं."

सगुणाबाईनं शेजारची काठी जवळ ओढली. "मंजी माजं दुखनं दिसलं तुला."

"दिसलं."

"आन दवाखान्यात न्यायचं सोडून बदक लिवलंस."

त्यानं डालग्याला हात घातला, तर तिनं वर काठी टेकवली.

"हात लावू नको. आदी परभनी. मंग ही सुटंल."

"तवर मरंल ती!"

"मंग लवकर चल."

डालगं मागं ठेवायला ती तयार होईना. तिचा पुतण्यावर भरवसा नव्हता. तोंडाला फडकं बांधून तिनं ते मांडीवर घेतलं आणि मोटरसायकलवर बसली. खड्डा आला की मागनं दोन आवाज यायचे, आई गं आणि शिट्टी.

दवाखान्यात नंबर बेचाळीसावा. अडईनं शिट्टी मारली की दोघेतिघे आपलाच नंबर आला म्हणून उठायचे. आदिनाथ दर पाच मिनिटाला फडकं वर करून आत बघत होता. शेजारचा म्हातारा कानाशी वाकला. "बाई, ही कशावर चालती?"

"पुतन्यावर," सगुणाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो काढला, सूज आहे म्हणाले, इंजेक्शन दिलं, मंगळवारी दुसऱ्या इंजेक्शनला बोलावलं. परतताना झरीचा फाटा गेल्यापासून डालगं गप्प होतं. आदिनाथनं गाडी अशी हाणली की सगुणाबाईनं सगळ्या देवांची नावं घेतली.

तळ्याकाठी मुंजाजी मेंढरं वळवत होता. सगुणाबाईनं सावकाश फडकं सोडलं, डालगं बाजूला केलं. अडई मान आखडून तशीच बसलेली.

"मेली का काय!" आदिनाथ ओरडला.

"गप," मुंजाजी म्हणाला. "तुज्या गाडीवर बसून आलीया. दम खाऊ दे तिला."

अडईनं एक डोळा इकडं केला, एक पाय लांब केला, आणि शिट्टी मारत पाण्यावर जाऊन पडली. आदिनाथनं मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या. नऊच.

मागं सगुणाबाई जाळ्याची बारीक घडी घालत होती.

"काकू, ते जाळं द्या इकडं."

तिनं घडी काखेत मारली. "मंगळवारी किती वाजता येतूस?"