अडकलेला कौल

तेजस्वी कैक वर्षं दिल्लीला शिव्या घालत आली होती. तिच्या मदतसंस्थेचं मुख्य कार्यालय तिथं. रत्नागिरीत घरात पाणी शिरलं, तरी ताडपत्री द्यायची की नाही हे तिथले साहेब ठरवणार. वरातीमागून घोडं ठरलेलंच. गेल्या महिन्यात त्यांनी कळवलं, यापुढं तुमचे निर्णय तुम्हीच घ्या. तेव्हा इथल्या, मिरजोळ्याच्या ऑफिसात तिनं पेढे वाटले होते.

आणि आज वाडीच्या डोक्यावरच्या सड्याला, त्या कातळाच्या पठाराला, भेग पडली होती, पाऊस उसंत घेत नव्हता, आणि टेंपो घेऊन देवळापाशी उभी असलेली तेजस्वी दिल्लीच्या फोनची वाट बघत होती. वाडी हलवू का, असं सवयीनं विचारून बसली होती. माणसं हलवली आणि दरड पडलीच नाही, तर पुढच्या वेळी कोण ऐकणार?

देवळात सगळी वाडी बसलेली. रघू गुरवानं कौल लावला होता. देवीच्या पाषाणावर लावलेल्या दोन फुलकळ्यांपैकी उजवी आधी पडली तर घरं सोडायची, डावी पडली तर राहायचं. पण दमट पाषाणाला कळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच.

तेजस्वी आत आली. “रावजीकाका, भेग रुंदावतेय. निघा आता.”

वाडीचे मानकरी रावजी कळ्यांवरची नजर न काढता म्हणाले, “कौल झाल्याबिगर वाडी हलायची नाय, बाय. तू तुज्या सायबास्नी इचारतेस, आमी आमच्या आईला.”

तिला ते झोंबलं. तेवढ्यात फोन वाजला. “निर्णय तुमचाच,” एवढं बोलून साहेबांनी ठेवून दिला. तिला स्वतःचाच राग आला.

“काका, माझ्या साहेबांनी सांगितलं नाही, तुमच्या आईनंही नाही. भेग तुम्ही डोळ्यांनी बघितलीत. टेंपो माझा, पण घरं तुमची. तुम्हीच ठरवा.”

मग रावजींनी देवीपुढं डोकं टेकलं आणि उठले. “म्हाताऱ्या मान्सांना आदी चढवा.”

वाडी खालच्या शाळेत आली. संध्याकाळ झाली तरी दरड पडली नाही. वाडीतली चिमा तडकली, “माजी गुरं तकडं उपाशी! कोनी ठरवलान ह्या?”

तेजस्वीनं तोंड उघडलं, पण रावजी आधी बोलले. “मी ठरवलंय. काय बोलायचा ता मला बोल.”

तेजस्वीचे डोळे भरून आले. रघूनं हळूच विचारलं, “मग परत जायचा कदी? आईला इचारूया?”

“इचारूया की,” रावजी म्हणाले. “पन हितं बसून.”