सिमेंटचं स्टेज

हॉलच्या स्टेजवर पाय ठेवला आणि मी थबकले. खाली सिमेंट होतं. मी टाच आपटून पाहिली, मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा आपटली, जणू तिकडे लाकूड उगवणार होतं. फोनवर बुकिंग मीच घेतलं होतं. स्पीकर किती, प्लग कुठे, गाडी कुठवर येते, नको ते सगळं विचारलं. स्टेज कशाचं आहे, एवढंच विचारायचं राहिलं.

आमच्या बँडचं नाव ‘पंक्चर’. पहिल्याच कार्यक्रमाच्या वाटेवर गाडी पंक्चर झाली आणि आम्ही पोचलोच नाही, तेव्हापासून हेच नाव. वीसेक वर्षं आम्ही लहानसहान गावांतून रॉक वाजवत फिरतोय, पण जिल्हा ओलांडला की आम्हाला कुत्रं विचारत नाही. गाणारा तो ‘महाराज’. सामान कधी उचलणार नाही, चूक कधी कबूल करणार नाही; पडलो तरी नाक वर. गिटारवर ‘कवळी’, कारण पोटासाठी तो दातांच्या कवळ्या बनवतो. ड्रमवर माझा थोरला भाऊ आणि बास गिटारवर मी.

गाण्यांचा क्रम आम्ही आधी ठरवत नाही. दादा ज्या गाण्याचा ठेका धरेल ते गाणं. तो धरेल ते बरोबर, बाकीच्यांनी मुकाट्याने मागे जायचं. पहिल्यापासून हीच रीत आहे.

आणि त्याच दादाला ऐकू येईनासं झालं होतं. महाराजच्या विनोदावर तो सगळ्यांच्या नंतर हसायला लागला, तेव्हा मला पहिली शंका आली. खिशात फोन कोकलत असायचा आणि हा शांतपणे गाडीचा पाना शोधत असायचा. मग तो अनवाणी वाजवायला लागला. बूट चावतात म्हणे! माझ्या बासने स्टेजच्या फळ्या थरथरतात आणि तो तळव्यांनी ताल घेतो, हे माझ्या लक्षात आलं. मी माझा स्पीकर गुपचूप त्याच्या स्टुलाला खेटून ठेवायला लागले. तो काही बोलला नाही, मी काही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडली तर काय होईल, तेही मला ठाऊक होतं. आमच्या पहिल्या गिटारवाल्याची बोटं आखडायला लागली, तेव्हा दादानेच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ज्याला जमत नाही त्याने उतरायचं. उद्या मला जमलं नाही तर मीही उतरेन.” दादा एकदा बोलला की बोलला. मग त्याने दिवसभर पोटापाण्याचं काम म्हणून खिडक्यांना काचा बसवायच्या आणि संध्याकाळी भिंतीकडे बघत बसायचं. मला ते बघवलं नसतं.

दुपारचा कार्यक्रम होता, एका कारखान्यातल्या लोकांसाठी. दादाने बूट काढले, तळवे खाली टेकवले आणि माझ्याकडे पाहिलं.

“गार आहे गं,” एवढंच म्हणाला.

पहिलं गाणं निभावलं. माझी बोटं बघत बघत त्याने ते ओढून नेलं. पण दुसरं त्याने नेमकं असं धरलं, ज्यात मध्येच सगळे थांबतात. महाराज एकटाच हळू आवाजात गातो, मग माझी बास येते आणि तिच्यावर दादाचा ठोका पडतो. मी बास सुरू केली. दादा मान खाली घालून बसलेला. मी आवाज वाढवला, वायर ताणत त्याच्याकडे सरकले. वर बघ ना रे, एकदा तरी वर बघ!

त्याने वर पाहिलंच नाही. गाणं संपलं असं समजून काठ्या उचलल्या आणि भलत्याच गाण्याचा ठेका धरला.

महाराज अर्ध्या शब्दावर होता. तो अर्धा शब्द त्याने गिळला आणि ठरल्यासारखी नव्या गाण्याची पहिली ओळ घेतली. कवळीनेही टुणकन उडी मारली. चाचपडले ती मी एकटीच.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या दारात आम्ही सामान गाडीत भरत होतो. महाराज नेहमीप्रमाणे खिशात हात घालून देखरेख करत होता. तेवढ्यात कारखान्याच्या मॅनेजरबाई आल्या आणि थेट दादासमोर उभ्या राहून मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, “ते गाणं अर्ध्यात तोडून दुसरं घेतलंत ना, ते फार आवडलं!”

बाई गेल्या. दादाने हातातला ड्रम खाली ठेवला.

“कुठलं गाणं तोडलं?”

मी गाडीत वाकून उगाच सामान सरकवलं. कवळी वायरी गुंडाळत राहिला. महाराज पुढे आला, दादाच्या अगदी समोर.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “मीच सोडलं मध्ये.”

वीस वर्षांत या माणसाच्या तोंडून हे शब्द कुणी ऐकले नव्हते. दादाने ते ओठांवर वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने महाराजकडे पाहिलं, कवळीकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. त्याला सगळं कळलं.

त्याने मागच्या खिशातून काठ्या काढल्या, त्यांच्या पिशवीत घातल्या, चेन ओढली आणि पिशवी महाराजपुढे धरली. मला रडू फुटलं.

महाराजने हात खिशातून काढलेच नाहीत. मान वळवून पुटपुटला, “मी कधी कुणाचं सामान उचललंय का? ज्याचं त्याने उचलायचं. आणि पुढच्या वेळी बुकिंग घेताना स्टेज लाकडी आहे का, ते विचारा.”

दादा पिशवी धरून तसाच उभा होता.

“काय म्हणाला तो?” त्याने मला विचारलं. “हळू सांग. तोंड जरा उजेडात कर.”

मी डोळे पुसले, उजेडाकडे वळले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला.