डावं वळण आणि थोरल्याचा दिवा

"हो म्हणायचं असेल तर जळत राहा. नाही म्हणायचं असेल तर डोळा मीट!"

बत्तीमहाराजांनी आवाज चढवला आणि शिवणाच्या खोलीत दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसांनी श्वास रोखला. खोलीच्या मधोमध मोटरसायकल उभी होती. पुढचा मडगार्ड चेमटलेला, टाकीवर लांबलचक ओरखडा, पण हेडलाइट शाबूत. खिडक्यांना पडदे ओढले होते. दिव्याचा पिवळा झोत समोरच्या भिंतीवर, नेमका खिळ्याला टांगलेल्या मापाच्या फितीवर पडला होता. त्या झोताच्या वाटेत जो येईल त्याचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसायचा.

"बाळा, तू इथंच आहेस ना?"

दिवा जळत राहिला.

"तुला मुक्ती मिळाली का रे?"

दिवा फटकन विझला. खोलीत काळोख झाला, मागे कुणीतरी हुंदका दिला, आणि दिवा पुन्हा लागला.

"बघा!" शेजारच्या काकू पुटपुटल्या. "अजून अडकलाय बिचारा."

महाराजांचा एक हात हॅन्डलवर होता. हॅन्डलवरून त्यांनी आपली शाल पांघरली होती, आत्म्याला थंडी वाजू नये म्हणून. "आत्मा म्हणजे काय, बाळांनो? करंट! आणि देह म्हणजे वायर. वायर तुटते, पण करंट कुठं जाईल? तो बत्ती शोधत फिरतो. आम्ही फक्त बटण दाबणारे."

दाराशी उभ्या असलेल्या ताईला हसू येता येता राहिलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि वायर तुटल्यावर करंट कुठं जातो हे सातवीतली पोरंसुद्धा तिला सांगत. पण शिवणयंत्राच्या स्टुलावर आई बसली होती, दोन्ही हात मांडीवर, डोळे दिव्याकडे. थोरला गेल्यापासून आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जीव आलेला दिसत होता. 

थोरला म्हणजे ताईच्या पाठचा भाऊ. टेकडीच्या रस्त्यावर अगदी खाली एक आवळ डावं वळण आहे, हॅन्डल पुरतं वळवावं लागतं असं. दिवेलागणीच्या सुमाराला तो तिथून थेट खाली गेला. पाहणारं कुणी नव्हतं. मोटरसायकल घरी परत आली तेव्हा धाकट्यानं, म्हणजे शेंडेफळानं, तिला बॅटरी चढवली आणि किल्ली फिरवली. दिवा लागला. अंगणातून खोलीत आणायची तर दाराशी हॅन्डल डावीकडे वळवावं लागतं. त्यानं ते वळवलं आणि उंबऱ्यावर दिवा गेला. मागे ओढली, दिवा आला.

"घरात यायला नको म्हणतोय!" काकू किंचाळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काकूच महाराजांना घेऊन आल्या. महाराजांनी सगळ्यांना बाहेर काढलं, गाडीशी एकटेच बसले, आणि बाहेर आले ते थोरल्याची भाषा शिकूनच.

आज मात्र ते वेगळंच विचारत होते.

"तुला सोडवायला कोण हवंय? आई?"

दिवा विझला.

"बहीण?"

विझला.

"भाऊ?"

दिवा जळत राहिला. पापणीसुद्धा लवली नाही म्हणा ना. सगळ्या माना धाकट्याकडे वळल्या.

"ऐका तर," महाराज हळू आवाजात म्हणाले. "आज दिवेलागणीला यानं हीच गाडी घ्यायची. एकट्यानं. टेकडीवरून खाली, त्याच वळणानं. दिवा जळत राहिला तर समजा थोरला सुटला. विझला तर त्याला इथंच राहायचंय. मग या खोलीत त्याचं ठाणं होईल आणि आम्ही इथंच राहून त्याची सेवा करू."

"मी जातो," धाकटा म्हणाला. लगेच, विचार न करता. त्याच्या आवाजात भीती नव्हती आणि त्याचीच ताईला भीती वाटली.

"आई, तू काही बोलणार आहेस का नाही?" ताईनं विचारलं.

"मी काय बोलू? थोरला बोलावतोय त्याला."

महाराजांनी शेवटचा प्रश्न विचारला, "दुसरा काही उपाय आहे का रे?" तेव्हा सगळे दिव्याकडे बघत होते. ताई मात्र भिंतीकडे बघत होती. तिनं पाहिलं, दिवा विझण्याआधी झोत मापाच्या फितीवरून जरासा बाजूला घसरला. 'हो' असेल तेव्हा झोत फितीवर. 'नाही' असेल तेव्हा आधी घसरतो, मग विझतो. मेलेल्या माणसाला नाही म्हणण्याआधी मान वळवायची काय गरज?

महाराज दुपारचे आडवे झाले, माणसं पांगली. ताईनं खोलीचं दार लोटून घेतलं.

ती वर्गात शिकवायची त्याच क्रमानं गेली. किल्ली फिरवली. दिवा लख्ख, म्हणजे बल्ब चांगला. हॉर्न दाबला, तो दणकून वाजला, म्हणजे बॅटरीत दम आहे. मग दोष असला तर मधे कुठंतरी. तिनं हॅन्डल उजवीकडे वळवलं, दिवा जळत राहिला. डावीकडे वळवलं. झोत फितीवरून सरकला आणि दिवा गेला. सरळ केलं, आला. पुन्हा डावीकडे. गेला.

टेकडीखालचं ते वळण डावंच होतं. आणि महाराजांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. दिवा विझणार हे पक्कं माहीत असून ते धाकट्याला अंधारात, त्या वळणावर पाठवत होते. पोरगा वाचला तर ठाणं. नाही वाचला तर आणखी मोठं ठाणं.

तिनं वाकून हॅन्डलच्या खालची मान चाचपली. तिथं काळ्या रेक्झिनचा तंग म्यान होतं. बारीक, एकसारखे टाके. हे टाके तिनं झोपेतसुद्धा ओळखले असते. लहानपणापासूनचे तिचे सगळे फ्रॉक याच टाक्यांनी शिवलेले होते. गाडी नवी असताना वायरी लोंबकळलेल्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून आईनं त्या एकत्र आवळून वरून म्यान शिवलं होतं. थोरला गावभर दाखवत फिरला होता, आमच्या आईसारखी फिटिंग कंपनीलासुद्धा जमणार नाही म्हणून.

ताई गाडीशेजारी जमिनीवर बसली. हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं, कुणाला?

बाहेर ऊन कलत गेलं. माणसं जमायला लागली. धाकटा बूट बांधताना दिसला आणि ताई उठली.

महाराजांनी शाल पांघरली, हात आत घातला. "बाळा, निघायची वेळ झाली ना?"

"महाराज," ताई म्हणाली, "जरा हात काढून विचारा की."

"काय म्हणालात?"

"हात. थोरला माझा भाऊ आहे, तुमच्या हाताला धरून बोलायची त्याला सवय नव्हती. उलट तुम्हीच त्याला बोलू देत नसाल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांना हात काढावा लागला. त्यांनी विचारलं, "तुला मुक्ती मिळाली का?" दिवा जळत राहिला. "तू दुःखात आहेस ना?" दिवा जळत राहिला. "तू सुखात आहेस का?" दिवा ढिम्म.

"सगळ्यालाच हो म्हणतोय," मागून एक आवाज आला. "लग्नातल्या नवऱ्यासारखा."

ताईनं शाल ओढून काढली आणि हॅन्डल सगळ्यांना दिसेल असं धरलं. "थोरल्या, काकूंना सहा पाय आहेत का?" तिनं हॅन्डल डावीकडे वळवलं. काळोख. "महाराज खोटारडे आहेत का?" तिनं हॅन्डल सरळ केलं. उजेड. "आता भिंतीवर बघा. आधी झोत सरकतो, मग दिवा जातो. काकू, या, तुम्ही करून बघा."

काकू आल्या, वळवलं, दिवा गेला. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "अगं बाई! मलासुद्धा येतंय की!"

"हिच्या अंगात शिरलाय तो!" महाराज ओरडले. "म्हणून हिचं ऐकतो!"

"आणि माझ्या?" काकूंनी विचारलं.

पण धाकट्यानं किल्ली हातात घेतली. त्याचे डोळे भरले होते. "ताई, हात लावल्यावर दिवा जातो हे मी पाहिलं. पण का जातो ते सांग. नाही सांगता आलं तर मी निघालो."

ताईची नजर हॅन्डलखाली गेली. आई तिच्याकडे बघत होती. आईनं तिच्या नजरेचा माग काढला, हॅन्डल, त्याखालची मान, काळं रेक्झिन. मग ती उठली. यंत्राच्या खणातून कात्री काढली, पडदे सरकवले आणि गाडीपाशी खाली बसली.

"आई, राहू दे. मी करते."

"माझे टाके आहेत. मीच उसवणार."

तिनं कात्रीच्या टोकानं एकेक टाका उसवला. म्यान उघडलं. आत वायरी आवळून बांधलेल्या, हलायला जागाच नाही. एक वायर वरून धड दिसत होती, पण ताईनं ती वाकवली तेव्हा तिथं ती चिंधीसारखी लुळी पडली. तिनं वरचं प्लास्टिक सोलून दाखवलं. आतली तांब्याची तार तुटली होती. टोकं काळवंडलेली. हॅन्डल सरळ असलं की टोकं एकमेकांना टेकायची. डावीकडे वळलं की ताण बसून सुटायची.

"म्हणजे त्या वळणावर..." धाकटा म्हणाला आणि थांबला.

"दिवा गेला असणार," ताई म्हणाली. "पुढचं कुणी पाहिलं नाही."

"मी घट्ट शिवलं," आई म्हणाली.

"तू सुबक शिवलंस, आई. वायरीला ढील लागते हे तुला माहीत नव्हतं, त्याला नव्हतं, मलाही नव्हतं. दिवा मधेच जातोय असं त्याला आधी दिसलं असेल, तर तो आज दाखवू उद्या दाखवू करत राहिला असेल. हे महाराज मात्र माहीत असून धाकट्याला पाठवत होते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. महाराज चपला हातात घेऊन फाटकापर्यंत पोचले होते. चार जण त्यांना अडवायला धावले. शाल मागेच राहिली.

धाकट्यानं तुटका भाग कापून नवी वायर जोडली, चांगली ढिली ठेवली. हॅन्डल डावीकडे, उजवीकडे, पुरतं वळवून पाहिलं. झोत भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि विझला नाही.

ताई जमलेल्या माणसांना एवढंच म्हणाली, "दिवा गेला तर आधी बल्ब बघा, मग बॅटरी, मग वायर. तुम्हाला येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारा. कोप म्हटलं की माणूस हात जोडून बसतो. दोष म्हटलं की हात कामाला लागतात. आज आपण हात जोडूनच बसलो असतो तर या घरातून दुसरा मुलगा गेला असता."

माणसं एकेक करून निघून गेली. आई अजून दिव्याकडे बघत होती.

"आता हा काही बोलायचा नाही, ना गं?"

ताई तिच्याजवळ जमिनीवर बसली. "नाही, आई. आता ह्याचा नुसता उजेड पडेल."

आईनं मांडीवरच्या उसवलेल्या म्यानाची घडी घातली. मग धाकट्याला म्हणाली, "बूट काढ आणि आत ये."