तुझ्याच भाषेत सांगतो

विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात परदेशातून वर्षभरासाठी राहायला आलेल्या त्या सोळा वर्षांच्या मुलीला घरात सगळे 'पाहुणी' म्हणत. इथली भाषा शिकायची म्हणून आईवडिलांशी भांडून ती आली होती. आणि इथे तिच्याशी ती भाषा बोलायला कोणी तयारच नव्हतं.

यजमान काकांचं चष्म्याचं दुकान. तरुणपणी ते हौसेने तिची भाषा शिकले होते, पण वापरायची संधी कधी आली नव्हती. आता ती आयतीच घरात चालून आली. पाहुणीने "काका, मीठ द्या" म्हटलं, की मीठ कसं तयार होतं ते काका तिच्या भाषेत सांगत बसत. त्यांच्या मुलीला, ताईला, त्याच भाषेची परीक्षा द्यायची होती. ती शब्द विचारून पाहुणीचं डोकं खाई. दुकानात तर कहरच. गिऱ्हाईक नंबर तपासायला हनुवटी टेकवून ताटकळलेलं, आणि काका त्याला ऐकू जाईल अशा बेताने पाहुणीशी हवामानावर बोलतायत.

काकू फिजिओथेरपिस्ट. त्यांना ती भाषा येत नव्हती, पण दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून त्या इतक्या दमून येत, की पाहुणीकडे बघून नुसतं हसत आणि हातवारे करत.

एकदा जेवताना पाहुणीचा तोल गेला.

"काका, तुम्ही माझी भाषा रोज घेता. तुमची देत नाही. मला राग येतो!"

काकांनी टाळ्या वाजवल्या. "काय सुंदर बोललीस!" म्हणाले, तेही तिच्याच भाषेत.

पाहुणी ताडकन उठली आणि तिने कार्यक्रमाच्या बाईंना फोन केला. बाई घरी आल्या. काकांना फार लागलं.

"पोटच्या पोरीसारखं वागवलं हो. काय कमी केलं आम्ही?"

दुसरं घर मिळणं अवघड होतं. निदान जेवताना तरी इथलीच भाषा बोला, असं ठरवून बाई गेल्या. त्यानंतरची जेवणं मुकाट झाली, आणि आठवडा संपायच्या आत काका पुन्हा मूळ पदावर आले.

तेव्हा पाहुणीने हट्टच धरला. काकांनी तिच्या भाषेत काहीही विचारलं की एकच उत्तर, "कळलं नाही."

"अगं, तुझीच भाषा आहे ही!"

"कळलं नाही."

काकांनी अबोला धरला. आता तिच्याशी कुठल्याच भाषेत कोणी बोलेना. खोलीचं दार लावून ती चिडून रडली.

सुट्टीच्या दिवशी काकू चादरी बदलायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"हा ओला टॉवेल पुन्हा गादीवर? किती वेळा उचलायचा मी? मोलकरीण आहे का मी तुझी?"

पाहुणी बघतच राहिली. मग तिचंही टाळकं सटकलं.

"किती वेळा? तुम्ही एकदा पण नाही सांगितलं! फक्त हसता! आणि टॉवेल ओली नाही!"

"ओला! टॉवेल ओला!"

"ओला नाही!"

"हात लावून बघ मग!"

दोघी भरपूर भांडल्या. आवाज ऐकून काका धावत आले, दोघींच्या मध्ये उभे राहिले आणि पाहुणीला तिच्या भाषेत समजावू लागले.

"तुम्ही गप्प बसा हो," काकू कडाडल्या, "आम्ही बोलतोय ना!"