एकाच नावाच्या दोन ओळी

ऑपरेशनच्या प्रतीक्षायादीत माणसं चारशे तीन आणि ओळी आल्या सहाशे चौदा. ज्याने दोन फोन नंबर दिले त्याची ओळ दोनदा, तीन दिले त्याची तीनदा. तारखा कळवणारी पत्रं चार वाजता छपाईला जायची होती.

"मागच्या वेळी एका आजोबांना तीन पत्रं गेली," विभागप्रमुख म्हणाले. "तीन ऑपरेशनं समजून बिचारे मृत्युपत्र करून आले. तेवढं निस्तरा, मॅडम."

रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात अकरा वर्षं काढलेल्या, घरी धाकटी म्हणवणाऱ्या या मॅडमना हे डाव्या हाताचं काम होतं. नाव, आडनाव, पत्ता जोडून एक ओळ करायची आणि एकसारख्या ओळींतली एकच ठेवायची. तिने क्वेरीत, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञेत, एक शब्द घातला. ओळी उरल्या चारशे दोन.

"एक कमी भरतोय."

"चारशेत एक? सोडा हो."

कोण गळलं ते तिला माहीत होतं. तरी तिने रुग्ण क्रमांकाचा रकाना लावून पाहिलं. नाव, आडनाव, पत्ता तोच, क्रमांक मात्र दोन वेगळे. एक थोरली, तिची जाऊ, हृदयाची झडप. दुसरी ती स्वतः, छातीतली गाठ. घरात एकाच नावाच्या दोन सुना आल्या, तेव्हा घराने त्यांना थोरली-धाकटी करून टाकलं होतं. झडपेची चर्चा रोज जेवताना व्हायची. गाठीचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

असंच ठेवलं तर घरी एकच पत्र जाणार. थोरली ते उघडणार, थोरलीचं ऑपरेशन होणार. धाकटीची पाळी जाणार आणि कुणी काही विचारणार नाही. हे कळून काहीतरी वाटायला हवं होतं. ती थांबून राहिली. काही वाटलं नाही.

यादी मात्र चुकीची होती. तिने ओळी क्रमांकावरून वेगळ्या केल्या. चारशे तीन.

"सापडला का तो एक?"

"सापडला. एक बाई आहेत."

मग तिने घरी फोन लावला.

"ताई, परवा दोन पाकिटं येतील. क्रमांक बघून उघडा."

"दोन? दोन-दोन झडपा काढतायत की काय माझ्या?"

"एक माझं आहे."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"कधीपासून, गं?"

"सहा महिने झाले."

"अक्कल गहाण टाकलीस का, धाकटे?" थोरलीने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आधी कुणाची तारीख?"

धाकटीने यादी वर सरकवली आणि दोन्ही तारखा वाचून दाखवल्या, एका सुरात, जशा कुणाच्याही वाचल्या असत्या.