हौद्यातली माती

ताकाची घागर खांद्यावरून उतरवता उतरवता ज्ञानू वस्ताद दारातच थबकले. तालमीसमोर ट्रॉली उभी होती आणि दोन गडी कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती पाट्या भरभरून बाहेर काढत होते.

"आरं, थांबा! मातीत ताक घालायचं हाय. आज अनुजा पहिल्यांदा उतरणार हाय."

गड्यांनी कट्ट्याकडं बघितलं. तालमीचे अध्यक्ष कृष्णातराव तिथं बशीत चहा ओतत बसले होते.

"या वस्ताद. तुमच्याच साहेबांचा हुकूम पाळतोय की."

हुकूम गेल्या आठवड्यात आला होता. सरकारी पैशातून बांधलेल्या तालमीत मुलींना अडवता येणार नाही, असं तालुक्याच्या साहेबांनी लिहून दिलं होतं. अर्ज वस्तादांचाच. त्यांच्या हाताखालून पोरं पुष्कळ गेली, पण अनुजासारखं पोर एखादंच. मारुतीच्या तालमीत बाईमाणसाचा पाय नको, हा गावचा रिवाज. म्हणून ती खिडकीबाहेर उभी राहून डाव बघायची आणि घरामागं गंजीच्या आडोशाला घोटायची. हुकूम कळला तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "आता कोणबी अडवणार न्हाय न्हवं?"

"कायदाच हाय, बाळ," वस्ताद म्हणाले होते.

"माती उचला, असं कुठं लिवलंय हुकमात?" त्यांनी आता विचारलं.

"समान वागवा, असं लिवलंय. वागवतोय. पोरींना न्हाय, तर पोरांनाबी न्हाय." कृष्णातरावांनी बशी खाली ठेवली. "हितं लग्नाचा हॉल करायचा. बायका-पुरुष एका पंगतीला जेवतील. साहेबबी म्हणालं, आता तक्रारीला जागाच न्हाय."

वस्तादांनी उरलेल्या ढिगात हात घातला. ताक, तेल, हळद, लिंबू खाऊन मुरलेली माती. मूठ उघडली तरी बोटांचे वळ धरून राहिली.

दारात पोरं जमली होती. त्यांत त्यांचा नातू यशराज.

"आजा, चांगली चाललेली तालीम घालवलीसा," तो म्हणाला. "एका पोरीपायी."

वस्तादांनी घागर पुन्हा खांद्यावर घेतली.

अनुजाच्या गल्लीत वळताच त्यांना ती माती दिसली. रस्त्यातले खड्डे त्या मातीनंच बुजवले होते. म्हशी तुडवत चालल्या होत्या. त्यांच्यामागून अनुजाची आई तानाबाई वैरणीचा भारा घेऊन मातीवरून सरळ घराकडं गेली.

अनुजा कडेला उभी होती. केस घट्ट बांधलेले, चपला हातात.

"ये की गं, आत! काय बघतीस रस्त्यात उभी राहून?" तानाबाईनं दारातून हाक दिली.

अनुजानं वाकून मातीला बोटं लावली आणि कपाळाला नेली. हौद्यात उतरण्याआधी पोरं करतात तसं.

मग तिचं लक्ष घागरीकडं गेलं.

"ताक व्हय, वस्ताद?"

"व्हय."

"म्हशीला पाजा आता."

तिनं चपला पायात घातल्या आणि मातीला पाय लागू न देता गटाराच्या कडेकडेनं घरी गेली.