गालातली खोली

विषाणूच्या तापातून बरा होऊन मी घरी आलो, त्या दुपारी माझ्या डाव्या गालात एक खोली निघाली. एका दिवाणापुरती. तिची खिडकी डाव्या डोळ्यात उघडत होती. उजेड बरा होता.

"भाड्यानं वगैरे द्यायचा विचार करू नकोस," माझी बायको मृदुला म्हणाली. "गाल बधिर आहे ना? मी नाकाच्या डॉक्टरांना बोलावते."

बधिर होताच. आत कोणी वावरलं तरी मला कळलं नसतं. पण आजारातून उठलेल्याला भेटायला माणसं येतात, आणि येताना पेढे आणतात. पहिली आली कुमुदमावशी. बाहेर सोफा रिकामा असून ती वाकून माझ्या नाकपुडीतून आत गेली आणि दिवाणावर बसली.

"ओल आहे रे," तिचा आवाज माझ्या दातांतून आला. "कोपऱ्यात काळं आलंय. वरून रंग मारून घे, दिसणार नाही."

"मावशी, हात लावू नकोस."

"मी कशाला लावतेय? तू पेढा खा. किती उतरलास!"

तापावरच्या औषधांनी माझी साखर आधीच चढली होती. पण मावशीला नाही म्हणणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. पेढा गिळला तसा काळा डाग खिडकीकडे वीतभर सरकला. मग शेजारचे गद्रे सपत्नीक आत गेले, मग ऑफिसातली मंडळी. पेढ्यागणिक डाग सरकत राहिला.

डॉक्टर तांबोळी बॅटरी घेऊन आल्या. "लवकर बोलावलंत, बरं केलंत. बुरशी दिसतेय. आज तुकडा काढून तपासला, औषध सुरू केलं, तर डोळा वाचेल. पण मी शिरू कुठून?"

"उठा हो सगळे!" मृदुला ओरडली.

"चहा होऊ दे की," आतून गद्रे म्हणाले.

मृदुलानं बिनसाखरेचा चहा आत दिला. एका घोटात बैठक मोडली. 'काळजी घ्या' म्हणत एकेक जण नाकपुडीतून उतरला. शेवटी मावशी.

डॉक्टर वाकल्या. तेवढ्यात डाव्या डोळ्यासमोर वरून काहीतरी काळं खाली येऊ लागलं.

"डॉक्टर, पडदा ओढू नका."

"मी अजून दारातच आहे," त्या माझ्या नाकाखालून म्हणाल्या.

"आत कोण राहिलंय?" मृदुलानं विचारलं.

मी उजवा डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. तिचं कपाळ गेलं होतं. आता भुवया जात होत्या.